एका आडनावाचे मूळ गाव

काही वर्षांपूर्वी शासकीय प्रशिक्षणाच्या निमित्ताने पॅरिसमध्ये चार महिने राहण्याचा योग मला आला. आमच्या वर्गाची व्यवस्था पाहणारे एक फ्रेंच अधिकारी होते. त्यांचे आडनाव फोर. हे आडनाव त्या देशात हजारो कुटुंबांचे आहे, तेव्हा ते सांगितल्याने त्यांची ओळख उघडी पडेल असे भय नाही. एके दिवशी दुपारच्या जेवणाच्या वेळी त्यांनी मला माझ्या आडनावाचा अर्थ विचारला. मी म्हटले, "शेवटी 'कर' आहे ना, म्हणजे त्याच्या आधी जे आहे ते आमच्या गावाचे नाव." ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "आपण भाग्यवान आहात. माझे वडील शहाऐंशी वर्षांचे आहेत. आपले घराणे कोठून आले एवढे कळावे, ही एकच गोष्ट ते अलीकडे पुन्हा पुन्हा बोलतात. आम्ही तीन पिढ्यांचे पॅरिसकर. त्यापूर्वीचे काही ठाऊक नाही. आणि कागद पाहावेत तर पॅरिसचे कागद जळलेले."

ह्या संभाषणातून जो शोध सुरू झाला त्याचा मी केवळ साक्षीदार होतो. पण महसूल खात्यात अर्धे आयुष्य दप्तरे चाळण्यात गेले असल्यामुळे मला त्याची गोडी लागली. आडनाव माणसाला त्याच्या गावापर्यंत कितपत नेऊन पोचवते, ह्याविषयी त्या वेळी जे कळले ते आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

'फोर' ह्या शब्दाचा अर्थ लोहार. अर्थ कळला म्हणजे काम झाले असे आपणांस वाटेल. पण अर्थाचा ह्या कामी जवळजवळ काहीच उपयोग नाही. लोहार कोणत्या गावात नव्हता? बाराव्या-तेराव्या शतकांच्या सुमारास पश्चिम युरोपात लोकांची टोपणनावे हळूहळू वंशपरंपरेची आडनावे बनू लागली. तेव्हा प्रत्येक गावी शेतकरी पुष्कळ होते आणि लोहार बहुधा एकच. ज्याच्यासारखा गावात दुसरा नाही, त्याला त्याच्या धंद्यावरून ओळखणे सोपे. म्हणूनच लोहाराचे आडनाव देशोदेशी इतके आढळते. अर्थावरून प्रदेश कळत नाही. प्रदेश कळतो तो शब्दाच्या रूपावरून.

हे आपल्याला सहज समजण्यासारखे आहे. संस्कृत 'लोहकार' ह्यातला 'क' गळून मराठीत 'लोहार' झाला. गुजरातेत तोच 'लुहार' झाला. कर्नाटकात गेलात तर 'कम्मार' भेटतो, बंगालात 'कामार'. माणूस तोच, भाता आणि ऐरणही तीच. पण शब्द ऐकल्याबरोबर आपण कोणत्या मुलखात आहोत हे उमगते. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी माणसाला तर हे अधिकच जाणवत असेल.

फ्रान्सात लोहाराला लॅटिन भाषेत 'फाबेर' म्हणत. ह्या एका शब्दाची त्या देशात किती रूपे झाली पाहा. उत्तरेकडे मधल्या 'ब'चा 'व' झाला आणि 'फेव्र' हा शब्द आला. (शेळीला लॅटिनमध्ये 'काप्रा' म्हणत, तिचेही उत्तरेस 'शेव्र' झाले, दक्षिणेस 'काब्रा' राहिले. तोच न्याय.) आजच्या फ्रेंचमध्ये लोहाराला 'फोर्जरों' म्हणतात, 'फेव्र' हा शब्द बोलण्यातून गेला; मात्र सोनाराला म्हणतात त्या 'ऑर्फेव्र' ह्या शब्दात तो अजून दडून बसला आहे. उत्तरेतल्या लोकांनी त्याला 'तो' अशा अर्थाचे 'ल' हे उपपद चिकटवले आणि 'लफेव्र' हे आडनाव सिद्ध झाले. नॉर्मंडी, पिकार्डी आणि बेल्जमच्या सरहद्दीलगतचा मुलूख ह्यांत ते उदंड आहे. पूर्वेकडे, स्वित्झर्लंडच्या डोंगरांना लागून असलेल्या फ्रांश-कोंते प्रांतात उपपद न लावता नुसते 'फेव्र' म्हणतात आणि त्याची अक्षरेही थोडी वेगळी लिहितात. सावॉय प्रांतात 'फाव्र'. दक्षिणेस, लांगदोक प्रांतात, 'ब' शाबूत राहिला आणि 'फाब्र' झाले. कीटकांच्या जीवनावर ग्रंथ लिहिणारे जाँ-आंरी फाब्र आपणांपैकी काहींना ठाऊक असतील. त्यांचा जन्म 1823 साली ह्याच दक्षिणेतल्या आवेरों जिल्ह्यात झाला. आणि मध्य डोंगराळ भागात, म्हणजे ओव्हेर्न्य आणि लिमूझें ह्या प्रांतांत, तसेच आल्प्सच्या पायथ्याच्या दोफिने प्रांतात, त्या 'ब'चा 'उ' होऊन गेला. गावकरी त्याला 'फाउरे'च्या जवळपास उच्चारीत. पॅरिसच्या फ्रेंचमध्ये 'आ' आणि 'उ' मिळून 'ओ' वाचतात म्हणून त्याचे 'फोर' झाले. तेच आमच्या मित्रांचे आडनाव. गॅस्कनीत तर आरंभीच्या 'फ'चा 'ह' होतो, त्यामुळे तेथला लोहार 'हाउर' झाला.

ही सारी एका लॅटिन शब्दाची लेकरे. पण फ्रान्सात सर्वत्र लॅटिनपासून निघालेलीच भाषा बोलत असे नाही. अल्सास प्रांतात जर्मन वळणाची बोली. तेथे लोहाराचे आडनाव 'श्मिट'. पश्चिमेच्या टोकाला ब्रिटनीमध्ये ब्रेटन भाषा. तिच्यात लोहाराला 'गॉव' म्हणतात आणि आडनाव होते 'ल गॉफ'. ह्यातला 'गॉफ' ब्रेटन आणि 'ल' मात्र फ्रेंच आहे. कारण बोलणारा ब्रेटन होता आणि लिहिणारा फ्रेंच लिहीत होता. आडनाव म्हणजे कित्येकदा असा दोन माणसांचा संयुक्त उद्योग असतो. एकाने उच्चारायचे आणि दुसऱ्याने लिहायचे. इतिहासाच्या अभ्यासकांसाठी एक गंमत येथेच सांगून टाकतो. 1929 साली 'आनाल' हे इतिहासाचे विख्यात नियतकालिक काढणाऱ्या दोघांपैकी एक ल्यूस्यें फेव्र, आणि पुढे त्याच संप्रदायाचे धुरीण झालेले जाक ल गॉफ. एकाचे घराणे फ्रांश-कोंतेचे, दुसऱ्याचे वडील ब्रिटनीचे. दोघेही लोहार!

लिहिणाऱ्याचा विषय निघालाच आहे, तर आमच्या कारकून बांधवांची एक करामत सांगितली पाहिजे. 'लफेव्र' हे आडनाव लिहिताना पुष्कळ कुटुंबे मध्ये एक 'ब' घालतात. तो उच्चारात मुळीच नाही. हा 'ब' आला तो मध्ययुगीन लेखकूंच्या पांडित्यामुळे. मूळ लॅटिन शब्दात 'ब' होता हे आपल्याला माहीत आहे, असे दाखवण्याची त्यांना हौस. आता जुन्या लिपीत 'व' आणि 'उ' ह्यांना एकच अक्षर चाले. त्यामुळे काही ठिकाणी पुढच्या वाचणाऱ्यांनी त्या 'व'चा 'उ' वाचला, आणि 'लफेब्यूर' असे एक नवेच आडनाव जन्माला आले. एका लेखकूने विद्वत्ता दाखवली, दुसऱ्याने ती चुकीची वाचली, आणि आज त्या नावाने माणसे जन्मतात, लग्ने करतात व मरतात. सेवापुस्तकात एका वेलांटीची चूक दुरुस्त करून घेण्यासाठी वर्षभर खेटे घालणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांची मला येथे आठवण झाली.

तेव्हा 'फोर' ह्या रूपावरून एवढे निश्चित झाले की, हे कुटुंब मूळचे पॅरिसचे नव्हे. ते मध्य किंवा दक्षिण फ्रान्सातले असले पाहिजे. पण हा मुलूख फार मोठा आहे. शिवाय रूपावरून जे कळते ते नावाचे जन्मस्थान, माणसाचे नव्हे. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष फेलिक्स फोर 1841 साली जन्मले ते पॅरिसमध्ये. गावावरून किंवा प्रांतावरून पडलेल्या आडनावांचा मामला तर अधिकच फसवा. पुण्यात राहणाऱ्याला पुण्यातले लोक पुणेकर म्हणत नाहीत. तो बाहेर पडला म्हणजे पुणेकर होतो. तसेच 'लब्रतों' म्हणजे ब्रेटन हे आडनाव ब्रिटनीच्या गाभ्यात पडण्याचे कारण नाही. ते पडते ब्रेटन माणूस शेजारच्या प्रांतात जाऊन राहिला म्हणजे. 'पिकार', 'लनॉर्मां', 'बूर्गिन्यों' ह्यांचेही असेच. आपण सोडलेल्या गावाची आठवण आपल्याला असते म्हणून नव्हे, तर नव्या गावच्या लोकांना आपण परके वाटतो म्हणून हे नाव मिळते.

काही आडनावे तर फ्रेंच असूनही फ्रान्सच्या कोणत्याच प्रांतातली नसतात. 1848 साली फ्रेंच वसाहतींतली गुलामगिरी रद्द झाली, तेव्हा मार्तिनिक, ग्वादलूप आणि रेयुनियों ह्या बेटांवरच्या मुक्त माणसांना नागरिक म्हणून नोंदवायचे होते आणि त्यांना आडनावे नव्हती. ती सरकारी लेखनिकांनी तेथल्या तेथे दिली. कधी कोणाच्या नावाची अक्षरे उलटसुलट करून, कधी पुराणातली, कधी कॅलेंडरातली. ह्या आडनावांचे मूळ गाव म्हणजे लेखनिकाचे मेज. आपल्या देशातही ह्याचा एक लहानसा दाखला आहे. 21 सप्टेंबर 1881 च्या हुकुमान्वये पाँडिचेरी इत्यादी फ्रेंच वसाहतींतल्या हिंदी लोकांना आपला पारंपरिक वैयक्तिक कायदा सोडून फ्रेंच नागरी कायदा स्वीकारण्याची मुभा मिळाली, आणि असे करणाऱ्यांना आडनाव घ्यावे लागे. ह्या चळवळीचे अग्रणी वकील पोन्नुतांबी पिळ्ळै ह्यांनी 'लापोर्त' म्हणजे 'दार' हे आडनाव घेतले. ह्या लापोर्तांचे मूळ कोणी फ्रान्सच्या नकाशात शोधू लागला तर त्याचा जन्म जाईल.

म्हणून नावाला कागदाची जोड पाहिजे. आणि कागदाच्या बाबतीत फ्रान्स हा देश, एका सरकारी नोकराच्या दृष्टीने, मत्सर वाटावा असा आहे. 1539 साली पहिल्या फ्रांस्वा राजाने व्हिलेर-कोत्रे येथे काढलेल्या फर्मानाने बाप्तिस्म्यांची नोंद ठेवण्याची आज्ञा झाली. 1579 साली विवाह आणि दफने ह्यांची. 1667 साली असे ठरले की, प्रत्येक नोंदवही दुहेरी असावी. एक प्रत धर्मोपदेशकाकडे आणि दुसरी न्यायालयात. 20 सप्टेंबर 1792 च्या कायद्याने हे काम चर्चकडून काढून नगरपालिकेकडे दिले. 1794 च्या कायद्याने, जन्मनोंदीत असेल त्याहून दुसरे नाव वा आडनाव धारण करण्यास मनाई केली. ह्याचा एक परिणाम असा की, विवाहानंतरही स्त्रीचे कायद्याने नाव राहते ते माहेरचेच. व्यवहारात ती पतीचे वापरू शकते एवढेच. कुळ शोधणाऱ्याला हे केवढे वरदान! आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावरची मुलगी आणि मतदारयादीतली सून ही एकच व्यक्ती आहे हे सिद्ध करता करता नाकी नऊ येतात.

पण दुहेरी प्रत ठेवूनही पॅरिसचे नुकसान झाले ते का? मूळ प्रत नगरभवनात होती आणि दुसरी न्यायालयाच्या इमारतीत. दोन्ही एकाच शहरात. 1871 च्या मे महिन्यात कम्यूनचे बंड मोडले जात असताना दोन्ही इमारतींना आगी लागल्या आणि 1860 पूर्वीच्या पॅरिसच्या नोंदी दोन्हीकडच्या जळून गेल्या. पुढे चर्चची दप्तरे, वकिलांकडचे दस्तऐवज आणि घरोघरी जपलेले दाखले गोळा करून सुमारे एकतृतीयांश नोंदी पुन्हा उभ्या केल्या. बाकीच्या गेल्या त्या गेल्या.

आमच्या मित्रांना पहिला धागा मिळाला तो वडिलांच्या पणजोबांच्या मृत्युनोंदीत. ते पॅरिसमध्येच, पण 1884 साली वारले होते. आगीनंतरची नोंद, म्हणून शाबूत. धंदा: गवंडी. जन्मस्थान: क्रज जिल्हा. गावाचे नाव लिहिलेले नव्हते. ज्या कोणी ती नोंद लिहिली त्याला आणखी एक शब्द लिहिण्याचा आळस आला, आणि सव्वाशे वर्षांनंतर एक वृद्ध गृहस्थ त्या एका शब्दासाठी तळमळत होते.

तरीही गवंडी आणि क्रज हे दोन शब्द एकत्र आले की फ्रेंच इतिहासाच्या जाणत्याला बरेच कळते. क्रज हा लिमूझेंमधला दरिद्री, खडकाळ जिल्हा. तेथले पुरुष वसंताच्या आरंभी घर सोडून पायी पॅरिसला जात, हिवाळ्यापर्यंत बांधकामावर राबत, आणि बर्फ पडू लागले की कमाई घेऊन परत येत. शेती बायका आणि म्हातारे पाहत. 1853 नंतर ओसमान ह्यांनी पॅरिसचे जुने मोहल्ले पाडून रुंद रस्ते बांधले, त्या दगडांवर ह्या क्रजच्या माणसांचे हात फिरलेले आहेत. ह्यांच्यातलाच मार्तें नादो हा गवंडी 1849 साली लोकसभेत निवडून गेला, आणि त्याने आपल्या आठवणीही लिहिल्या आहेत. रत्नागिरीच्या चाकरमान्याला हे जीवन काही निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

आता ह्यातली खरी महत्त्वाची गोष्ट. हे लोक हिवाळ्यात घरी असत, म्हणून त्यांची लग्ने हिवाळ्यात आणि गावी होत. म्हणजे विवाहाची नोंद पॅरिसच्या आगीत सापडलेली असण्याचे कारणच नाही. ती गावच्या वहीत असणार. आणि विवाहनोंद ही तर सर्वांत बोलकी. वधूवरांचे जन्मस्थान, दोन्हीकडच्या आईबापांची नावे, त्यांचे धंदे, सारे तीत येते.

पण क्रज जिल्ह्यात अडीचशेंहून अधिक गावे. येथे आडनाव पुन्हा कामी आले. पहिल्या महायुद्धात देशासाठी मेलेल्या तेरा लाखांहून अधिक फ्रेंच सैनिकांची प्रत्येकी एक चिठ्ठी सरकारने जपली आहे. तिच्यावर नाव, पलटण, मृत्यूचे ठिकाण आणि जन्मगाव असते. ही सारी दफ्तरे आता घरबसल्या यंत्राच्या पडद्यावर पाहता येतात. आमच्या मित्रांनी क्रजमध्ये जन्मलेल्या फोर आडनावाच्या सैनिकांच्या चिठ्ठ्या एकेक करून काढल्या आणि त्यांची जन्मगावे नकाशावर टाचण्यांनी दाखवली. संध्याकाळी ते मला बोलावीत आणि आम्ही दोघे त्या नकाशापुढे बसत असू. वीस-बावीस वर्षांची पोरे. व्हेर्दून, सोम, शांपान्य. मरणाची ठिकाणे निरनिराळी. पण जन्मगावाच्या टाचण्या एका नदीच्या वरच्या खोऱ्यात दाट होऊ लागल्या. बाकी जिल्हा जवळपास मोकळा.

मग त्या सात-आठ गावांच्या दशवार्षिक सूची पाहावयाच्या. फ्रेंच नगरपालिका दर दहा वर्षांच्या नोंदींची अक्षरानुक्रमे सूची करतात. आपल्याकडे हे असते तर! पाचव्या गावी, 1857 च्या फेब्रुवारीत, नोंद सापडली. ती इतके दिवस हुकली त्याचे कारणही मौजेचे होते. सूचीत आडनाव 'फोर' असेच होते, पण अक्षरे वेगळी. 'बलवान' अशा अर्थाचा एक फ्रेंच शब्द आहे, त्याचाही उच्चार 'फोर' असाच होतो. त्या सूचीकाराने लोहाराचा बलवान करून टाकला होता. मूळ वहीत मात्र नाव बरोबर होते; खाली वराच्या सहीच्या जागी, वरास लिहिता येत नाही, असा शेरा.

तेथून मागे जाणे सोपे होते. बाप, आजा, पणजा करीत ते 1690 च्या सुमारापर्यंत गेले. त्याच्या पलीकडच्या वह्या उरलेल्या नाहीत. मित्रांनी सर्व एका मोठ्या कागदावर नीट लिहून वडिलांना नेऊन दिले. मी भारतात परतल्यावर त्यांचे पत्र आले. वडिलांनी गावाचे नाव तीनदा म्हणून घेतले. मग विचारले, "ह्यांतला लोहार कोणता?" कोणीच नव्हता. शेतकरी, मजूर, गवंडी. 1690 पासून एकाही फोराने ऐरणीवर घण मारल्याची नोंद नव्हती. त्या काळी गावात लोहार होता, पण त्याचे आडनाव वेगळेच.

पुढल्या उन्हाळ्यात मुलाने त्यांना मोटारीने गावी नेले. नगरपालिकेची कचेरी बंद होती. समोरच्या बाकावर एक म्हातारी बसली होती, तिच्याशी बोलणे निघाले. ह्यांनी आपले आडनाव पॅरिसच्या उच्चाराने सांगितले. ती म्हणाली, "अच्छा, फाउरे!" आणि टेकडीकडे हात करून, वरच्या वाडीतले फाउरे का खालच्या, असे विचारू लागली.